वळिवड्याच्या बराकी

कोल्हापुरातून मिरजेकडं जाणारी पॅसेंजर धरली की गूळ मार्केट मागं पडतं आणि वळिवडं येतं. लहानसं स्टेशन. उतरलात की गांधीनगर. कापडाची ठोक बाजारपेठ म्हणून हे नाव जिल्ह्यात पोराबाळांनाही ठाऊक. लग्नाचा बस्ता बांधायला आपली माणसंही तिथंच जातात. त्या गर्दीत उभं राहून एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारा, बाबा रे, इथं आधी काय होतं? तो सांगेल, बराकी होत्या, फाळणीत आमचे लोक सिंधमधनं आले ते त्या बराकीतच उतरले. आणि त्याच्याही आधी? तो म्हणेल, पोलंडवाले.

मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. पुस्तकातनं नव्हे, आजीच्या तोंडनं. वळिवड्याच्या शिवाराला लागून असलेल्या एका गावच्या महारवाड्यात तिचा जन्म. छावणी बसली तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची. आईबरोबर डोक्यावर जळणाचा भारा आणि शेण्यांची पाटी घेऊन ती छावणीवर इकायला जायची. "गोऱ्यापान बाया, पर डोळं कायम रडून आल्यागत," असं ती सांगायची. आणखी एक गोष्ट सांगायची. ती पुढं सांगतो. आधी इतिहास सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय आजीच्या गोष्टीची किंमत कळायची नाही.

इतिहास सांगायला दुसरंही कारण आहे. १९९८ साली कोल्हापुरात महावीर उद्यानात ह्या पोलिश लोकांचं स्मारक झालं. २०१९ च्या सप्टेंबरात त्यांच्यातली म्हातारी झालेली माणसं वळिवड्याला परत आली, तिथं स्तंभ उभा राहिला. २०२४ च्या ऑगस्टात आपल्या पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावानं असलेल्या स्मारकावर फुलं वाहिली. कोल्हापूरच्या पाहुणचाराचं कौतुक पेपरातनं छापून आलं. ते खोटं नाही. पण अपुरं आहे. आपण कार्यकर्त्यांनी ते पुरं करायला पाहिजे.

ते कुठनं आले?

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडात घुसल्या. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनच्या घुसल्या. दोघांनी देश वाटून घेतला. पूर्वेच्या भागात १९४० च्या फेब्रुवारीपासून उचलाउचल सुरू झाली. जुने सैनिक, जंगलखात्यातली माणसं, शिक्षक, शेतकरी आणि त्यांची बायकापोरं. रात्री दार ठोठावायचं, बोचकं बांधा म्हणायचं, मालडब्यात भरायचं आणि सैबेरियात नाहीतर कझाकस्तानात नेऊन सोडायचं. तिथं बर्फात लाकूडतोड. खायला अर्धपोटी भाकर. पोरं मेली, म्हातारी मेली. पुरायला जमीन फोडायची तर जमीन दगडासारखी गोठलेली.

ह्या लोकांचा गुन्हा काय? जिथं जन्मले तिथं जन्मले हाच गुन्हा. साथीहो, हा गुन्हा आपल्याला नवा नाही.

२२ जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला. मग स्टालिनला मित्र पाहिजे झाले. लंडनमध्ये पोलंडचं परागंदा सरकार बसलं होतं. त्याच्याशी जुलै १९४१ मध्ये करार झाला आणि कैदेतल्या पोलिशांना मोकळं सोडायचं ठरलं. जनरल अँडर्स ह्यांनी त्यातनंच फौज उभी केली. फौजेच्या पाठीमागं जगली-वाचलेली कुटुंबं दक्षिणेकडं निघाली. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून लाखाहून जास्त माणसं इराणच्या किनाऱ्याला लागली. लढण्याजोगी माणसं फौजेत गेली. मागं राहिल्या बाया, पोरं, म्हातारे. त्यांना ठेवायचं कुठं?

जगभर वाटून ठेवलं. कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला. हिंदुस्थानात आधी पोरकी मुलं आली. त्यांना जामनगरच्या जामसाहेबांनी समुद्रकाठी बालाचडीला ठेवून घेतलं. मग कुटुंबांसाठी मोठी छावणी पाहिजे झाली. हवा मानवेल अशी, रेल्वेजवळची जागा बघितली गेली आणि ती मिळाली करवीर संस्थानात, वळिवड्याला. राजाराम महाराज १९४० साली वारले होते, गादीवर अल्पवयीन राजा होता. जमीन संस्थानची, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची, खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या पोलिश सरकारची. कराचीच्या तात्पुरत्या छावणीतनं माणसं इकडं आणली. १९४३ पासून वळिवडं भरू लागलं आणि बघता बघता तिथं पाच हजारांच्या आसपास वस्ती झाली.

घर कसं मांडलं?

लांबच लांब बराकींच्या ओळी. तट्ट्याच्या भिंती, वर कौलं. एकेका बराकीचे तुकडे पाडलेले. प्रत्येक कुटुंबाला एक तुकडा: निजायची जागा, चुलीची जागा, पुढं व्हरांडा. चार पावलं टाकली की घर संपलं. बर्फाच्या देशातली माणसं ही. त्यांच्या डोक्यावर कोल्हापूरचा मृगाचा पाऊस बदाबदा पडला. विंचू, साप, हिवताप सगळं नवं. तांदूळ, डाळ, तिखट नवं. भाषा नवी. नवरा कुठल्या आघाडीवर आहे ते ठाऊक नाही. मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोचा डोंगर पोलिश फौजेनं घेतला, तेव्हा ह्या बराकीतल्या बाया पत्राची वाट बघत बसल्या असतील.

पण ही माणसं नुसती बसून राहिली नाहीत. हे आपण नीट ध्यानात घ्यावं म्हणून मी सांगतोय. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? शाळा काढल्या. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, त्याच्या वरचे वर्ग. पोलिश भाषेतनं शिकवलं. चर्च बांधलं, दवाखाना चालवला, वाचनालय केलं, नाटकं बसवली. पोरापोरींची बालवीर पथकं उभी केली. आजाऱ्यांना आणि अशक्त पोरांना हवापालटासाठी पाचगणीला धाडलं. दारापुढं फुलझाडं लावली. ज्यांना उद्या कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं त्यांनी फुलझाडं लावली. चार-पाच वर्षांत तट्ट्याच्या भिंतीत एक गावच उभं राहिलं, त्या गावाला आपली भाषा, आपली शाळा, आपला कारभार. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे सूत्र त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पण उखडून टाकलेला माणूस उभा राहतो तो असाच उभा राहतो. दुसरा रस्ता नाही.

त्यांच्या दुःखाचा हेवा करणारा माणूस मूर्ख. त्यांनी जे भोगलं ते भोगलं. त्यांना निवारा मिळाला, बरं झालं. मला विचारायचं आहे ते दुसरंच.

सरकारला गाव वसवता येतं

वळिवड्यापासून रेल्वेनं पुढचं स्टेशन रुकडी. रुकडीच्या पलीकडं माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावात बहिष्कृतांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. ह्याच राजानं १९०२ साली मागासलेल्यांना नोकरीत निम्म्या जागा राखल्या, १९१८ साली महारवतनाची बेडी तोडली, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. १९२२ च्या मे महिन्यात राजा गेला. हुकूम कागदावर राहिले. गावचा पाणवठा गावाच्या हातात राहिला. वीस वर्षांनी, छावणी बसली तेव्हा, आजीच्या आईला गावच्या विहिरीवर घागर बुडवता येत नव्हती. कुणीतरी वरनं ओतील तवा पाणी. माणगावच्या शेजारात, शाहूंच्या संस्थानात ही गत. बाकी मुलुखाचं काय सांगावं?

आता तारखा जुळवून बघा. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. तिथंच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा पाया घातला गेला. त्या परिषदेनं एक ठराव केला. तो आपण पुष्कळदा विसरतो. ठराव असा की, अस्पृश्यांना हिंदू गावांच्या बाहेर, हिंदू गावांपासून स्वतंत्र अशी वेगळी गावं वसवून द्यावीत. बाबासाहेबांनी नेमकं ओळखलं होतं. गावात आपला माणूस शेताचा धनी नाही, पाण्याचा धनी नाही, चाकर आहे. गाव म्हणजे आपला कारखाना नव्हे, आपला तुरुंग. तोंड उघडलं की बहिष्कार: दळण बंद, दुकान बंद, रान बंद. ह्यातनं सुटायचं तर जमिनीसकट नवी वस्ती पाहिजे. १९४७ साली त्यांनी फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी जे निवेदन तयार केलं, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या नावानं ते छापलं आहे. त्यातही ही मागणी आहे. नुसती मागणी नाही, तर योजना आहे: पडीक सरकारी जमीन ह्या कामासाठी राखून ठेवावी, त्यासाठी वसाहत मंडळ नेमावं, सरकारनं पैसा घालावा.

ह्या मागणीची पुष्कळांनी थट्टा केली. आजही करतात. म्हणतात, गावंच्या गावं अशी उभी करता येतात होय? जमीन कुठनं आणणार? पैसा कुठनं आणणार? शाळा, दवाखाना कोण चालवणार?

मी त्यांना वळिवडं दाखवतो. नागपूरच्या ठरावानंतर वर्ष उलटतं न उलटतं तोच, युद्ध चालू असताना, अन्नाची तंगी असताना, ह्याच देशातल्या सरकारनं ह्याच जिल्ह्यात पाच हजार माणसांचं गाव उभं केलं. बंगालात त्याच १९४३ साली माणसं भुकेनं मरत होती. तरी गाव उभं राहिलं. शाळेसकट, दवाखान्यासकट. म्हणजे जमीन होती. पैसा उभा करता येत होता. डोकं होतं, हात होते. मग आपल्यासाठी काय नव्हतं?

उत्तर सोपं आहे. पोलिश माणूस परका असला तरी कुणाच्या तरी वहीत माणूस म्हणून नोंदलेला होता. त्याचा देश नकाशातनं पुसला गेला, पण त्याचं सरकार लंडनला बसून त्याचं नाव यादीत लिहीत होतं, त्याचा खर्च मागत होतं. आपला माणूस ह्याच मातीतला. पण गावच्या वहीत तो माणूस म्हणून नव्हता. तराळ म्हणून होता, येसकर म्हणून होता, मेलेलं ढोर ओढणारा म्हणून होता. कामाची नोंद होती, माणसाची नव्हती.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार पलटणीची पहिली तुकडी पुन्हा उभी राहिली होती. म्हणजे जगाच्या स्वातंत्र्यासाठी बंदूक धरायला आपली पोरं चालत होती. फक्त त्या पोरांच्या आयांना विहीर चालत नव्हती.

व्हिसा

१९१७ सालची गोष्ट आठवा. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात, मग लंडनला शिकून आले आणि कराराप्रमाणं बडोदे संस्थानात नोकरीला गेले. राहायला घर मिळेना. हिंदू खानावळ नको म्हणते. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी लाठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. एक दोस्त हिंदू, एक दोस्त ख्रिस्ती. दोघांनीही घरात घ्यायला सबब सांगितली. एवढा शिकलेला माणूस बडोद्याच्या बागेत झाडाखाली तास न् तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. न्यूयॉर्कला त्याला खोली मिळाली होती. लंडनला मिळाली होती. आपल्या देशात मिळाली नाही.

पुढं ह्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या, त्यांचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. हे नाव मला छळतं. व्हिसा परक्या मुलखात जाणाऱ्याला लागतो. बाबासाहेब सांगत होते की आम्ही जन्मलो तिथंच परके आहोत, आमच्याच देशात शिरायचा परवाना आम्ही मागतो आहोत. वळिवड्याच्या पोलिशांना तो परवाना वर्षभरात मिळाला. तो त्यांना मिळाला म्हणून माझी तक्रार नाही. आम्हाला आम्हीच का मागावा लागला, ही तक्रार आहे.

आणि हे जुनं झालं असं कुणी समजू नये. मी स्वतः नोकरीला लागल्यावर शहरात भाड्याचं घर बघत हिंडलो. फोनवर घर असायचं. आडनाव सांगितलं की कालच दिलेलं असायचं. चौथ्या ठिकाणी मालकिणीनं विचारलं, "तुमच्यात खाण्यापिण्याचं कसं?" मला समजलं काय विचारतेय ती. तुम्हालाही समजलं असेल.

आजीची गोष्ट

आता ती गोष्ट सांगतो.

आजी नि तिची आई पहिल्यांदा छावणीवर गेल्या तेव्हा भारा दाराशी टाकून लांब उभ्या राहिल्या. सवयच ती. पैसे वरनं पडणार म्हणून आजीनं दोन्ही हातांची ओंजळ केली. बाई पायरी उतरून खाली आली. तिनं आजीचा हात धरला, तळव्यावर पैसे ठेवले आणि मूठ मिटली. "माझ्या आयनं मागं बघितलं, कुणी बघतंय का म्हणून," आजी सांगायची. "मला वाटलं बाई येडी हाय. हिला ठावं न्हाई आमी कोण."

खरं तेच होतं. तिला ठाऊक नव्हतं. मायेनं शिवली असं मी म्हणणार नाही. कुणाला शिवायचं नाही हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस तीच बाई पायरीवर पैसे ठेवून मागं सरली. आजीनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. छावणीत बाहेरनं दुकानदार येत, कारकून येत, दूधवाले येत. कुणीतरी तिला सांगितलं असणार की ह्या पोरीला हात लावायचा नसतो, मग आम्ही तुझ्याकडचं काही घेणार नाही. काय सांगितलं ते आजीला कधी कळलं नाही. पण तिला एवढं कळलं की ही बाई आता इथली झाली.

शेजारच्या बराकीतली दुसरी बाई मात्र तशी झाली नाही. ती शेवटपर्यंत हातावरच पैसे ठेवायची. एकदा आजीला ताप होता तेव्हा तिनं आपल्या पेल्यातनं पाणी पाजलं, तोच पेला धुऊन स्वतः पाणी प्याली. छावणी मोडली तेव्हा तिनं आजीला एक लोकरी मफलर दिला. कोल्हापूरच्या उन्हात मफलर! आजीनं तो मरेपर्यंत ट्रंकेत ठेवला.

साथीहो, मला ह्या दोन बाया कळायला पुष्कळ वर्षं लागली. आपण नेहमी म्हणतो की जात रक्तात भिनली आहे, हजारो वर्षांची आहे, कशी जाणार? ही पहिली बाई जातीच्या देशातली नव्हती. तिच्या रक्तात काही नव्हतं. दिवाळीपर्यंतच्या सहवासानं ती शिकली. म्हणजे जात रक्तात नाही. ती शेजारात आहे, बाजारात आहे, दुधाच्या रतिबात आहे. जे शिकवता येतं ते नाकारताही येतं, हे दुसऱ्या बाईनं दाखवलं. तिनं बाबासाहेब वाचले नव्हते. तिनं फक्त ऐकलं नाही.

आणि एक गोष्ट पोलिशांबद्दलही स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपण त्यांना देव करून बसू. त्यांच्या देशातही आपल्यासारखे कुणी होते. १९३७ पासून पोलंडच्या विद्यापीठांतनं ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवायचा नियम आला. काही ज्यू पोरं निषेध म्हणून बसायलाच तयार झाली नाहीत, तासभर उभी राहून व्याख्यान ऐकायची. काही पोलिश प्राध्यापकही त्यांच्याबरोबर उभे राहिले. वेगळं बाक! वर्गाच्या बाहेर गोणपाटावर बसलेल्या भीमरावाच्या लेकरांना हे कुणी समजावून सांगायला नको. छळलेला माणूस आपोआप शहाणा होत नाही. तोही दुसऱ्याला छळू शकतो. आपणही ह्यातनं सुटलेले नाही. महारांनी मांगांशी, मांगांनी भंग्यांशी कसं वागलं, आपल्या बायकांशी आपण कसं वागतो, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

बराकी रिकाम्या झाल्या, परत भरल्या

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांनी नकाशा पसरला. पोलंडचा पूर्वेचा भाग रशियाकडं गेला. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं त्याच भागातली. युद्ध जिंकलं आणि घर हरलं. जुलै १९४५ मध्ये इंग्रजांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या वहीत नाव होतं ती वहीच बंद झाली. मग आंतरराष्ट्रीय मदत संस्थांनी भार घेतला. १९४६ साली बालाचडीची मुलंही इकडं आली. १९४७-४८ मध्ये ही माणसं पांगली. बरीच इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत. थोडी पोलंडला परतली. एखादी पोरगी इथल्याच माणसाशी लग्न करून कोल्हापुरात राहिली. काही इथल्या ख्रिस्ती स्मशानात मातीखाली राहिली.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली. सिंधमधनं उखडलेले सिंधी तिथं आले, वस्तीला गांधीनगर नाव पडलं. तट्ट्याच्या खोलीतनं त्यांनी धंदा सुरू केला आणि आजची बाजारपेठ उभी केली. त्यांच्या कष्टाला माझा नमस्कार.

पण कराचीत मागं कोण राहिलं? हे गांधीनगरच्या स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकानं विचारावं. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिलं. पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना तिथलं सरकार निघू देत नाही, का तर झाडलोट आणि मैला कोण काढणार! त्यांना अत्यावश्यक सेवा ठरवून अडवून ठेवलं आहे, अशी त्यांची तक्रार होती. आणि जे अस्पृश्य कसेबसे इकडं पोचले त्यांना पंजाबातल्या निर्वासित छावण्यांत सवर्ण निर्वासितांच्या बरोबरीनं वागवत नाहीत, त्यामुळं ते छावणीबाहेर राहतात, आणि छावणीबाहेर राहिले म्हणून त्यांना मदत मिळत नाही, हेही त्यांनी त्या पत्रात मांडलं.

बघा, परत तीच वही. शेठ निर्वासित झाला, मास्तर निर्वासित झाला. झाडूवाला निर्वासितसुद्धा होऊ शकला नाही. त्याला देश सोडून पळायचाही हक्क नव्हता. दोन देश वेगळे झाले, पण झाडूवाला म्हणजे सेवा आहे, माणूस नव्हे, ह्यावर दोन्हीकडं एकमत.

आपण काय करायचं?

पोलिशांनी आणखी एक काम केलं ते सांगतो आणि संपवतो. जगभर पांगल्यावर, पोरं म्हातारी झाल्यावर, त्यांनी हिंदुस्थानात राहिलेल्यांचं मंडळ केलं. एकमेकांना शोधलं, भेटी घेतल्या, फोटो गोळा केले, आठवणी लिहवून घेतल्या आणि जाडजूड ग्रंथ काढला. कुठल्या सरकारची वाट बघितली नाही. म्हणून आज त्यांचं स्मारक आहे, म्हणून पंतप्रधान फुलं वाहतात. ज्यांनी आपली वही आपण लिहिली त्यांचाच इतिहास झाला.

आपली वही कुठं आहे? ती छावणी पाच वर्षं चालली. पाच हजार माणसांचं गाव चाललं म्हणजे त्याचा केर कुणीतरी काढला, संडास कुणीतरी साफ केले, लाकूड कुणीतरी फोडलं, तट्टे कुणीतरी विणले, जळण कुणीतरी वाहिलं. ते कोण होते? स्तंभावर मोठ्या लोकांचं औदार्य आहे. ज्यांच्या डोक्यावर भारा होता त्यांचं नाव कुठंच नाही. माझ्या आजीचंही नाही.

म्हणून सांगतो. वळिवडं, गांधीनगर, चिंचवाड, उचगाव, गडमुडशिंगी, रुकडी, ह्या गावांच्या बौद्धवाड्यांत, मातंगवाड्यांत जा. वही घेऊन जा, मोबाईलवर आवाज भरून घ्या. त्या वेळची दहा वर्षांची पोर आज नव्वदीच्या पुढं आहे. एक-दोन पावसाळे गेले की सांगायला कुणी राहणार नाही. त्यांना विचारा, छावणीत कोण कामाला होतं, मजुरी काय होती, पाणी कुठनं आणायचे, पैसे हातावर मिळायचे की पायरीवर. लिहून आणा. आपल्या ह्या चार पानांत आपण ते छापू.

आणि वेगळ्या वस्तीची बाबासाहेबांची मागणी कुणी अव्यवहारी म्हणालं, तर वाद घालत बसू नका. त्याला पॅसेंजरचं तिकीट काढून द्या आणि वळिवड्याला उतरवा. म्हणावं, इथं एकदा गाव वसवून झालंय. एका पावसाळ्यात नव्हे पण एका वर्षात वसवलं. दोनदा वसवलं. आता तिसऱ्यांदा कुणासाठी वसवायचं ते बोल.

आजीचा मफलर माझ्याकडं आहे. कसर लागलीय, पण आहे.

जयभीम.